शिवसागरावर शिडाची होडी: बुडाचा आकार, कील आणि तोलाचं गणित

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, तापोळ्याला किंवा बामणोलीला होडी बघायला गेलं की बहुतेक जण एकच परीक्षा घेतात. काठाला लागलेल्या होडीत एक पाय टाकायचा, जोर द्यायचा, आणि ती फारशी डगमगली नाही की पक्की आहे म्हणायचं. वल्ह्याच्या किंवा इंजिनाच्या होडीला हे एक वेळ चालेल. शिडाच्या होडीला ही परीक्षा पुरत नाही, आणि पुष्कळदा ती चुकीचीच होडी घ्यायला लावते.

पाय टाकल्यावर होडी पाच-सात अंश कलते. शीड चढलेलं असताना डोंगरावरून झोत आला, तर तीच होडी पंचवीस अंशांपर्यंत जाते, आणि तिथे तिला सावरणारं बळ वेगळं असतं. पहिलं कलणं अडवते ती रुंदी. शेवटचं कलणं अडवतं ते खाली टांगलेलं वजन. रुंद, उथळ, सपाट बुडाची होडी काठावर घट्ट वाटते, पण एका कोनानंतर अचानक सोडून देते. अरुंद, खोल, खाली शिसे असलेली होडी पहिल्या पावलाला डुलते, पण आडवी झाली तरी परत उठते. होडी घेण्याआधी किंवा सुताराला माप देण्याआधी यातलं काय आणि किती हवं, ते ठरवावं लागतं.

पुढची सगळी मापं ४ ते ४.५ मीटर लांबीच्या, दोन-तीन माणसांच्या होडीसाठी आहेत. कोयनेच्या शिवसागरावर, वाईजवळच्या धोम जलाशयावर हीच लांबी सोयीची: ट्रॉलीवर येते आणि चार माणसं काठावरून पाण्यात ढकलू शकतात. सांगलीला कृष्णेवर शिडाचा फारसा उपयोग नाही. नदीचा पट्टा अरुंद, दोन्ही काठ उंच, वारा तुटक. दोन मिनिटांत दिशा बदलावी लागते. तिथल्या शर्यतीच्या होड्या लांब आणि अरुंद असतात, म्हणून वल्ह्यावर इतक्या सुसाट जातात. पण तसल्या बुडावर शीड लावायचा मोह टाळा. वल्हं होडीला पुढे ढकलतं. शीड पुढे ढकलतं त्याहून जास्त बाजूला ढकलतं.

रुंदी किती देते

होडी कलली की एका बाजूचं बूड जास्त पाण्यात जातं, दुसऱ्या बाजूचं वर येतं. पाण्याचा उचल देणारा बिंदू कललेल्या बाजूकडे सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. हा आधार पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाने वाढतो. रुंदी १.२ मीटरवरून १.५ मीटर केली, म्हणजे फक्त पाव पट वाढवली, तर आधार जवळजवळ दुप्पट होतो. लांबी पाव पटीने वाढवली तर तो पाव पटच वाढतो. म्हणून काठावरच्या परीक्षेत रुंद होडी नेहमी जिंकते.

इथे माप घेताना एक घोटाळा हमखास होतो. रुंदी म्हणून लोक वरच्या कडेची रुंदी सांगतात. तोलाच्या हिशोबात धरायची ती पाण्याच्या रेषेवरची. वर १.५५ मीटर असलेली होडी पाण्यावर १.२ मीटरच असू शकते, आणि चांगल्या शिडाच्या होडीत तशीच असावी. खाली अरुंद असली की घर्षण कमी होतं, वर रुंद असली की माणसांना बाहेर सरकून बसता येतं.

रुंदीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, हलक्या वाऱ्यात. हिवाळ्यात सकाळी शिवसागरावर वारा नुसता हुंगल्यासारखा असतो. तेव्हा होडीला अडवतं ते मुख्यतः बुडाला घासणारं पाणी, आणि रुंद सपाट बुडाला ते जास्त घासतं. दोन, उलटल्यावर. सपाट रुंद बूड जितकं सरळ स्थितीत स्थिर, जवळपास तितकंच ते पालथ्या स्थितीतही स्थिर असतं. पालथी पडलेली अशी होडी दोन माणसांना उलटवता येत नाही.

आमची पसंती अशी: वरची रुंदी १.५ ते १.६ मीटर, पाण्यावरची १.२ ते १.२५, कडेची पाण्यापासून उंची ४० सेंटीमीटरच्या खाली नको. बूड सपाट नको. मध्यभागी दोन्ही बाजूंना ८ ते १२ अंश चढ असलेला उथळ इंग्रजी व्ही, मागे जाताना ४-५ अंशांपर्यंत सपाट होत जाणारा. प्लायमध्ये हे सुताराला जमतं, कारण पत्रा एकाच दिशेने वाकतो. गोल बूड हवं असेल तर फायबरचा साचा लागतो.

वेगाचीही एक मर्यादा बूडच ठरवतं. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, काढायचा तर पाण्यावरच्या मीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणायचं. ३.९ मीटरला तो ४.८ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच्या पुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. हलकी, मागे सपाट असलेली होडी जोराच्या वाऱ्यात त्या लाटेवर चढून घसरू लागते. जड होडी चढत नाही, कितीही शीड लावा.

हलक्या वाऱ्यात मागची उभी फळी पाण्यात बुडालेली असेल तर पाठीमागे खळखळ ऐकू येते आणि फळीला चिकटून भोवरे फिरताना दिसतात. तेवढं पाणी तुम्ही ओढत नेताय. दोघांनी एकेक हात पुढे सरकून बसायचं. फळीची खालची कड पाण्याच्या बाहेर आली की खळखळ थांबते, मागची रेघ गुळगुळीत होते आणि होडी सुटते. यासाठी पैसे लागत नाहीत, तरी हे कोणी करत नाही.

वारा किती ढकलतो, माणसं किती पेलतात

शिवसागर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. हवा थोडी विरळ, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्याचा दाब किनाऱ्यापेक्षा काहीसा कमी. तरीही ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात नीट ओढलेल्या शिडावर चौरस मीटरला साधारण २ किलो दाब येतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट.

७ चौरस मीटरचं शीड धरा. शिडाच्या दाबाचा मध्य आणि पाण्याखालच्या बोर्डाचा, म्हणजे बुडातून खाली सोडलेल्या उभ्या फळीचा, मध्य यांतलं उभं अंतर साधारण २.८ मीटर. दाबाला या अंतराने गुणलं की होडीला कलवणारं बळ मिळतं.

ताशी १८ किमी: ७ × २ = १४ किलो; × २.८ = सुमारे ३९ किलोग्रॅम-मीटर.
ताशी २७ किमी: ३१.५ किलो, × २.८ = सुमारे ८८.
ताशी ३६ किमी: ५६ किलो, × २.८ = सुमारे १५७.

दुसऱ्या पारड्यात माणसं. दोघांचं मिळून १३० किलो. कडेवर बसल्यावर शरीराचा मध्य होडीच्या मध्यरेषेपासून ०.७ मीटरवर येतो: ९१ किलोग्रॅम-मीटर. पट्ट्यात पाय अडकवून पाठ बाहेर टाकली तर अंतर १.०५ मीटर आणि बळ १३६ च्या आसपास. म्हणजे ताशी २७ किलोमीटरपर्यंत दोघं कडेवर बसून होडी सरळ ठेवतात. ३६ ला जीव तोडून बाहेर झुकले तरी पुरत नाही. तेव्हा शीड कमी करायचं. ४.५ चौरस मीटरपर्यंत गुंडाळलं की क्षेत्र घटतं आणि दाबाचा मध्यही खाली येतो: ४.५ × ८ × २.३ = सुमारे ८३. पुन्हा कडेवर बसण्याइतकं झालं. शीड गुंडाळण्याची सोय शिवताना शिंप्याकडून करूनच घ्या. दोन ओळी पुरतात.

कोयनेच्या खोऱ्यात वारा सपाटीवरच्या तळ्यासारखा सलग नसतो. सोळशी, कांदाटी यांच्या खोऱ्यांच्या तोंडाशी तो अचानक वळतो आणि झोतात येतो. येणारा झोत पाण्यावर काळपट, बारीक सुरकुत्यांच्या चट्ट्यासारखा सरकताना दिसतो. चट्टा होडीपर्यंत पोचायच्या आत शिडाची दोरी हातात हवी. ती खुंटीला गाठ मारून बांधायची नाही, कधीच.

कील की सेंटरबोर्ड

कील म्हणजे बुडाखाली कायम जोडलेलं जड पातं, सेंटरबोर्ड म्हणजे पेटीतून खाली-वर करता येणारी हलकी फळी. कील दोन कामं करतं आणि ती वेगळी ओळखावी लागतात. एक, बाजूला घसरणं थांबवणं. दुसरं, वजन खाली ठेवणं. पहिलं काम क्षेत्राने होतं, दुसरं वजनाने आणि खोलीने.

घसरणं असं थांबतं: होडी पुढे जाताना तीन ते पाच अंश तिरकी सरकते, पाणी बोर्डावर तिरकं येतं आणि बोर्ड वारा येतो त्या बाजूला ओढला जातो. हे बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. उभ्या होडीत बोर्ड जवळजवळ निकामी असतो. वाऱ्याकडे तोंड करून निघताना नवखे शीड एकदम घट्ट ओढतात, होडी खेकड्यासारखी बाजूला जाते, आणि दोष बोर्डाला देतात. आधी थोडं ढिलं, आडव्या वाऱ्याला वेग घ्यायचा, मग हळूहळू ओढत तोंड वर आणायचं.

वजनाचा हिशोब जास्त डोळे उघडणारा आहे. ४० किलो शिसे बुडातून काढून अर्धा मीटर खाली टांगलं, तर होडी पूर्ण आडवी झाल्यावर २० किलोग्रॅम-मीटर जादा बळ मिळतं. वीस अंशांत मात्र सातसुद्धा नाही. तेच ४० किलो वजन वाढल्याने होडी रोजच्या वाऱ्यात मंदावते. लहान होडीत कडेवर सरकणारा एक माणूस याहून कितीतरी जास्त देतो, आणि नको तेव्हा आत येऊन बसतो. म्हणून साडेचार मीटरपर्यंतच्या होडीला जड कील लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोठ्या होडीत गणित फिरतं, कारण होडीचं वजन लांबीच्या घनाने वाढतं आणि माणसं तेवढीच राहतात. जगभर चालणारी जे-२४ घ्या: लांबी ७.३२ मीटर, एकूण वजन सुमारे १४०० किलो, त्यातलं ४३० किलोच्या आसपास वजन तोल राखण्यासाठी, पाण्यात १.२२ मीटर खोल. ती माणसांवर भरवसा ठेवू शकत नाही. पण तिला क्रेन लागते, धक्का लागतो, पुरेसं खोल पाणी लागतं. शिवसागराची पातळी पावसाळ्यानंतर उतरत जाते, काठ दर आठवड्याला सरकतो, उन्हाळ्यात जुने बुंधे आणि गढीचे दगड वर येतात. तिथे कायमचं खोल कील चिखलात रुततं. फारच हवं असेल तर दोन आखूड कील असलेली किंवा वर ओढता येणारं कील असलेली होडी बघा. दोन कीलवाली चिखलात उभी राहते, पण वाऱ्याकडे वर चढायला मंद.

वजनासाठी शिसेच का, तेही बघून ठेवा. १०० किलो वजनाला शिसे ९ लिटरपेक्षा कमी जागा घेतं, बीड (ओतीव लोखंड) १४ लिटर, काँक्रीट ४० लिटरहून जास्त. जागा जास्त लागली की वजनाचा मध्य वर येतो आणि पाण्याला जाडजूड ठोकळा अडवतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बीड ओतणाऱ्या फाउंड्र्या भरपूर आहेत, लाकडी नमुना दिला की कील ओतून मिळतं. त्यावर इपॉक्सीचे तीन हात हवेत, नाहीतर गंज फुगून रंग उडतो. शिसे घरी वितळवू नका. धूर विषारी असतो आणि साच्यात ओल राहिली तर उकळतं शिसे उडतं.

बोर्ड बनवताना

बोर्डाचं पाण्याखालचं क्षेत्र शिडाच्या ४ ते ५ टक्के. ७ चौरस मीटरला ०.२८ ते ०.३५ चौरस मीटर. ९० सेंटीमीटर खोल आणि ३५ सेंटीमीटर रुंद बोर्ड मध्यावर बसतो. तेवढंच क्षेत्र ५५ × ५७ च्या चौकोनात दिलं तर उथळ पाण्यात सोयीचं होतं, पण टोकाखालून पाणी निसटतं आणि होडी जास्त घसरते. खोल आणि अरुंद केव्हाही चांगलं.

जाडी १८ मिलीमीटर घेण्याची पद्धत आहे. ती कमी पडते, कारण उलटलेली होडी उठवताना ६५ किलोचा माणूस या बोर्डाच्या टोकाशी उभा राहतो. १८ मिलीमीटरला प्लायवर येणारा ताण २५ मिलीमीटरच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि कडा तासून आकार दिल्यावर तो आणखी वाढतो. आयएस ७१० शिक्क्याच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या, १२ मिलीमीटरच्या दोन फळ्या इपॉक्सीने चिकटवा, वरच्या थराचे धागे लांबीच्या दिशेने ठेवा, बाहेरून काचकापडाचा एक थर द्या. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर. पुढची कड लंबगोल, टोकदार नाही: टोकदार कडेवर पाणी लगेच सुटतं आणि बोर्ड पकड सोडतो. मागची कड २-३ मिलीमीटर जाड, काटकोनात कापलेली. ती गोल ठेवली तर विशिष्ट वेगाला बोर्ड गुणगुणतो आणि हँडलपर्यंत कंप येतो.

लाकडी बोर्ड तरंगतो, आपोआप वर येतो. त्याला खाली ठेवायला रबरी दोरी लावा, किंवा टोकाकडे १३ सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडून शिसे भरा. २५ मिलीमीटर जाडीत पावणेचार किलोच्या आसपास मावतं. भोकाच्या कडेला आतून खोबण तासली की शिसे निसटत नाही. ओतलेलं शिसे लाकडाला चटका देतं, म्हणून वेगळी चकती ओतून आणून इपॉक्सीने बसवलेली बरी.

बोर्ड ज्या पेटीतून खाली जातो तिच्यात दोन्ही बाजूंना ३ मिलीमीटर मोकळं सोडा. प्लाय फुगतो, घट्ट बसवलेला बोर्ड तिसऱ्या दिवशी अडकतो आणि मग हातोड्याने ठोकला जातो. खालच्या फटीला दोन रबरी पट्ट्या लावल्या की खळबळ थांबते. पेटीची वरची कड भरलेल्या होडीच्या पाणरेषेपासून निदान १५ सेंटीमीटर वर हवी. कारण पुढे येतंच आहे.

सुकाणूचं क्षेत्र शिडाच्या दीड ते दोन टक्के. त्याचं पातं दगडाला लागल्यावर मागे उचललं जावं. अडवायला लोखंडी खिळा नको, बांबूची खुंटी घाला. धक्का बसला की ती मोडते, सुकाणू वाचतं.

ओळंब्याची चाचणी

होडी किती ताठ आहे, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. गवंड्याचा ओळंबा, चार वाळूची पोती आणि शांत सकाळ एवढ्यात मोजता येतं.

१. होडी वजन करा. उसाच्या गाडीचा काटा इथे ढोबळ पडतो. टांगायचा डिजिटल काटा घ्या, आधी पुढचं टोक उचलून मोजा, मग मागचं, दोन्ही वेळा दुसरं टोक एकाच उंचीच्या ठोकळ्यावर अगदी टोकाशी टेकवा, आणि बेरीज करा.

२. होडी गुडघाभर पाण्यात नाही, मोकळ्या पाण्यात सोडा. दोर्‍या ढिल्या. तळातलं पाणी फडक्याने पुसून कोरडं. आत माणूस नको.

३. मध्यरेषेवर आडवी काठी बांधून ८० सेंटीमीटर दोरीने ओळंबा टांगा. गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवा, म्हणजे तो झुलत राहणार नाही. दोरीच्या मागे पट्टी.

४. मध्यरेषेवर २० किलो वाळू ठेवा, पट्टीवर खूण करा. तीच वाळू बरोबर अर्धा मीटर डावीकडे सरकवा, खूण करा. मग उजवीकडे. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी दोरी ताणली आहे किंवा वारा लागतोय, परत करा.

समजा होडी आणि वाळू मिळून १५० किलो आणि ओळंबा ५५ मिलीमीटर सरकला. ५५ भागिले ८०० म्हणजे ०.०६९. आता २० × ०.५ = १०; त्याला १५० × ०.०६९ ने भागा. उत्तर ०.९७ मीटर. वजनाच्या मध्यापासून एवढ्या उंचीवर होडीचा टांगबिंदू आहे, असं समजा. हा आकडा मोठा तितकी होडी पहिल्या कलण्याला ताठ. माणसं बसल्यावर वजनाचा मध्य वर जातो आणि तो घटतो. उभी राहिली तर आणखी घटतो. म्हणून चाचणी माणसांच्या वजनाएवढी पोती बैठकीच्या फळ्यांवर ठेवून दुसऱ्यांदा करा. दुसरा आकडा अर्धा मीटरच्या खाली आला तर त्या होडीवर ७ चौरस मीटर शीड लावू नका.

आणि लक्षात ठेवा, ही चाचणी फक्त लहान कोनांबद्दल बोलते. मोठ्या कोनाचं उत्तर कडेच्या उंचीत आहे. १.५ मीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर कड असलेल्या होडीत २८ अंशांना पाणी आत येतं. पाण्याच्या रेषेवर अशा होडीचं क्षेत्र सव्वातीन चौरस मीटर धरलं तर दर ३३ किलोला ती १ सेंटीमीटर खाली बसते. जादा दोन माणसं घेतली की कड ४ सेंटीमीटर खाली आणि तोच कोन पंचवीस-सव्वीस अंशांवर येतो. समुद्राच्या आणि गोड्या पाण्यातला फरक यापुढे किरकोळ आहे: २८० किलोच्या भरलेल्या होडीला तो जेमतेम २ मिलीमीटर.

आत आलेलं पाणी

तोल जातो तो बहुतेकदा इथे. तळात चार बोटं पाणी साठलं की वजन वाढतं हा लहान भाग. ते पाणी मोकळं फिरतं, होडी कलली की सगळं खालच्या बाजूला जातं, आणि रुंदीने दिलेला आधार खाऊन टाकतं. होडीच्या पूर्ण रुंदीवर पसरलेलं पाणी तो जवळजवळ सगळाच खातं. मधोमध लांबीच्या दिशेने उभी फळी घातली तर हा तोटा एक चतुर्थांशावर येतो. पाणी तेवढंच, पण इकडून तिकडे जाऊ शकत नाही. बोर्डाची पेटी पुढच्या बैठकीपासून मागच्या बैठकीपर्यंत लांबवली, तर तीच या फळीचं काम करते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. पुराच्या काळात ज्या गावांत बोटी ठेवल्या जातात, तिथे कडेपासून किती सेंटीमीटर खाली पाणी असलंच पाहिजे याची ठळक रेघ बोटीच्या बाहेरून रंगवलेली असावी, आणि सगळ्यांना तळाशी बसवूनच बोट सोडावी. उभा माणूस वजनाचा मध्य वर नेतो, घाबरून एका बाजूला सरकला तर आणखी वाईट.

तरंगतं राहण्यासाठी दोन्ही बाजूंच्या बैठकींखाली मिळून २०० लिटरच्या आसपास बंद जागा ठेवा. एक लिटर बंद हवा एक किलो उचलते. नुसती पोकळ पेटी ठेवली तर एक भेग पुरे. आत फोमचे ठोकळे किंवा झाकण घट्ट लावलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठासून भरा. पण याचाही अतिरेक नको. बाजूच्या पेट्या फार मोठ्या केल्या तर आडवी पडलेली होडी खूप वर तरंगते, बोर्ड हाताला येत नाही, वारा तिला ढकलत नेतो आणि ती पालथी होते. डोलकाठीच्या टोकाला ८-१० लिटरचा फोमचा ठोकळा बांधा. साडेपाच मीटरवर ८ लिटर म्हणजे ४४ किलोग्रॅम-मीटर, पालथं होणं थांबवायला एवढं पुरतं. शिवसागरावर हे हवंच, कारण पालथ्या होडीची काठी खालच्या गाळात किंवा बुडालेल्या झाडात अडकते.

पहिल्याच दिवशी मुद्दाम उलटवून बघा. दुसरी होडी शेजारी, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, पाणी सहा मीटरहून खोल. शिडाची दोरी सोडायची. एकाने पुढच्या टोकाला धरून होडी वाऱ्याकडे वळवायची. दुसऱ्याने बोर्डावर चढून कडेला धरून मागे झुकायचं. उठल्यावर आत किती पाणी राहिलं आणि पेटीचं तोंड पाण्याच्या वर आहे का, ते बघा. तोंड पाण्याखाली असेल तर बादलीने उपसलेलं पाणी पेटीतून परत आत येत राहतं, आणि उपसणं संपतच नाही. १५ सेंटीमीटरचा आग्रह यासाठी.

सुकाणू ओढत असेल तर

होडी वाऱ्याकडे वळू बघते आणि ती सरळ ठेवायला सुकाणू सतत ओढून धरावं लागतं, अशी तक्रार नव्या होडीत हमखास येते. थोडी ओढ चांगली. दांडा तीन-चार अंश वाऱ्याच्या बाजूला धरावा लागला तर होडी हातात असते, आणि दांडा सुटला तर ती स्वतः वाऱ्याकडे तोंड करून थांबते. त्याहून जास्त ओढ म्हणजे तिरकं सुकाणू ब्रेक होऊन पाणी अडवतंय.

कारण शोधताना क्रम पाळा. सगळ्यात आधी कलणं कमी करा. होडी कलली की शिडाचं बळ बाजूला बाहेर जातं आणि होडीला वळवतं. निम्म्याहून जास्त तक्रारी सरळ बसल्यावर मिटतात. मग सुकाणूचं पातं पूर्ण खाली आहे का बघा. अर्धवट उचललेलं पातं मागे लांब जातं आणि दांडा जड होतो. त्यानंतर बोर्ड. खिळ्यावर फिरणारा बोर्ड थोडा वर ओढला की त्याचं क्षेत्र मागे सरकतं आणि ओढ कमी होते. एवढं करून राहिली, तर डोलकाठी पुढे झुकवा. साडेपाच मीटर काठी एक अंश झुकवली की टोक साडेनऊ सेंटीमीटर आणि शिडाचा मध्य चार सेंटीमीटर पुढे जातो. काठीचा पाया हलवणं शेवटी.

नवी होडी आखत असाल तर हे कागदावर आधीच जमतं. पाण्याखालचा बाजूचा आकार, बोर्ड आणि सुकाणूसकट, पुठ्ठ्यावर प्रमाणात कापा आणि पट्टीच्या कडेवर तोला. जिथे तोलतो ती घसरण अडवणाऱ्या बळाची रेषा. शिडाच्या त्रिकोणाचा मध्य मध्यगा काढून मिळतो. लहान होडीत शिडाचा मध्य पुठ्ठ्याच्या रेषेच्या किंचित पुढे, पाण्यावरच्या लांबीच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. कीलच्या मोठ्या होडीत हे अंतर पाच ते पंधरा टक्के असतं.

पाण्यात उतरायच्या आधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या. धरणाकडचा भाग बंदिस्त आहे, आणि वासोट्याच्या बाजूला वन विभागाची वेगळी परवानगी लागते. पावसाळ्यात शीड बाहेर काढू नका. दिवाळीनंतर होडी काढताना बोर्डाचा खिळा आधी बघा: १२ मिलीमीटरचा स्टेनलेस बोल्ट, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, आणि बोल्ट पेटीच्या ज्या भोकातून जातो त्याची कड इपॉक्सीने बंद केलेली. तिथला प्लाय बोटाने दाबून मऊ लागला, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका.